चित्र आणि चार ओळी : शिक्षकाची टिपणवही

प्राथमिक शाळांतून आज जितकी छायाचित्रे काढली जातात तितकी पूर्वी कधीही काढली गेली नसतील. वृक्षारोपण झाले, छायाचित्र. पोषण आहाराची पंगत बसली, छायाचित्र. पाहुणे आले, प्रभातफेरी निघाली, शौचालयाची दुरुस्ती झाली, पुन्हा छायाचित्र. ती त्याच दिवशी वर पाठविली जातात आणि पाठवून झाली की त्यांचे काम संपते. ही छायाचित्रे पुरावा म्हणून काढलेली असतात. पुरावा मागणारे कार्यालय असते, देणारी शाळा असते, आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्यात गैर असे काही नाही. परंतु वर्षअखेर शिक्षकाने आपला मोबाइल उघडून पाहिला तर त्यात शेकडो चित्रे असूनही शाळा मात्र सापडत नाही. रांगा दिसतात, फलक दिसतात, हारतुरे दिसतात. तिसरीच्या खिडकीतून सकाळी जे ऊन आत येते ते त्यांत नसते.

एका द्विशिक्षकी शाळेची जुनी कौलारू खोली पाडून तेथे नवी स्लॅबची खोली बांधण्यात आली. काही वर्षांनी गावातील वयोवृद्ध माजी विद्यार्थ्यांनी जुन्या खोलीचे चित्र मागितले. शोध घेतला तेव्हा खोलीसमोर उभ्या असलेल्या पाहुण्यांची सतरा चित्रे निघाली. खोली प्रत्येक चित्रात होती, पण पाहुण्यांच्या खांद्यांच्या मधून दिसेल तेवढीच. एका चित्रात दाराच्या चौकटीचा वरचा भाग होता. तेवढाच कापून मोठा करून त्या मंडळींना देण्यात आला.

पुराव्यासाठी काढलेल्या छायाचित्राहून निराळे, केवळ पाहण्यासाठी काढलेले एक छायाचित्र आणि त्याच्या शेजारी त्या वेळी मनात येऊन गेलेल्या विचाराच्या चार ओळी, अशी वही शिक्षकाने स्वतःसाठी ठेवावी, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. ही वही म्हणजे शालेय अभिलेख नव्हे. तिला प्रपत्र नाही, रकाने नाहीत आणि तपासणीही नाही. ती सक्तीची झाली तर तिचा उपयोग त्याच दिवशी संपेल. लॉग बुकातील नोंदीप्रमाणे तिच्यात भाषा सावरून लिहावी लागत नाही, आणि एखादा आठवडा कोरा गेला तर खुलासा द्यावा लागत नाही.

चित्र आणि शब्द यांची सांगड का घालावयाची, असा प्रश्न सहजच उद्भवेल. चित्र काढले म्हणजे पुरे नाही काय? किंवा रोजनिशी लिहिली म्हणजे चित्राची गरज काय? या प्रश्नाचे उत्तर उदाहरणाने देणे सोयीचे होईल.

चपलांचे चित्र

आषाढातील एक सकाळ आहे. परिपाठ आटोपून मुले वर्गात बसली आहेत. व्हरांड्याच्या कडेला चपला काढून ठेवल्या आहेत. काही सरळ रांगेत, काही एकमेकींवर पडलेल्या, सर्वांच्या तळांना काळ्या मातीचे थर. शिक्षकाने हजेरी घेण्यापूर्वी सहज एक चित्र घेतले. दुपारच्या सुट्टीत ते चित्र पाहताना त्याने चपला मोजल्या आणि वहीत लिहिले :

“८ जुलै. पट २७, हजर २४. चपलांचे जोड १९. पाच मुले अनवाणी आली. गरिबी रोज शाळेच्या दारात उभी असते आणि आपण तिला ओलांडून आत जातो.”

टिपण वाचावयास चांगले आहे. शेवटचे वाक्य तर एखाद्या भाषणात शोभावे असे आहे. परंतु दुसऱ्या दिवशी शिक्षकाने त्या पाच मुलांजवळ सहज चौकशी केली तेव्हा निराळीच हकीकत पुढे आली. तिघांच्या चपला घरी होत्या. चिखलात पाय रुतला की चपलेचा अंगठा तुटतो, म्हणून आईने पाऊस संपेपर्यंत त्या फडताळात ठेवल्या होत्या. चौथ्याच्या चपला त्याच्या दप्तरात होत्या. व्हरांड्यातून एकदा हरवल्यापासून तो त्या वर्गात घेऊन बसे. पाचव्या मुलाची गोष्ट मात्र वेगळी होती. तो आणि सातवीतला त्याचा भाऊ यांच्यांत जोड एकच. ज्याची शाळा लांब तो घालतो, म्हणजे थोरला. शिक्षकाने खाली लिहिले :

“९ जुलै. काल लिहिलेले पुरते खरे नाही. पाचांपैकी चार चपला सांभाळणारे आहेत. एकाला खरोखरच नाही. व्हरांड्यात खुंट्या किंवा फळी लावता येईल का?”

पहिले टिपण त्याने खोडले नाही, हे विशेष ध्यानात घ्यावे. त्या दोन टिपणांच्या मधल्या अंतरात एक शिक्षक काही शिकला आहे. पहिले वाक्य पुसून टाकले असते तर शिकल्याची खूणच राहिली नसती. आणि चित्र नसते तर एकोणीस हा आकडाच हाती आला नसता. गडबडीच्या सकाळी कोणी चपला मोजीत नाही. चित्राने आकडा दिला, कारण दिले नाही. कारण विचारून मिळाले आणि ते शब्दांतच ठेवावे लागले.

याच्या उलट प्रकारही घडतो. पौषातल्या एका सकाळी धुके इतके दाट होते की शाळेमागचा डोंगर दिसेनासा झाला. दुसरीतला एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, आज डोंगर गैरहजर हाय.” शिक्षकाने त्या दिशेचे चित्र घेतले. चित्रात पांढऱ्या पडद्याखेरीज काही नाही. ज्याला ठाऊक नाही तो हे चित्र बिघडलेले समजून काढून टाकील. त्या मुलाचे वाक्य शेजारी लिहिले आहे म्हणूनच ते चित्र वहीत राहण्यास पात्र आहे. मुलाचे बोलणे त्याच्याच बोलीत लिहावे. “आज डोंगर अनुपस्थित आहे असे तो म्हणाला” असे शुद्ध करून लिहिल्यास त्यातले सारे निघून जाते.

जाता जाता आलेला विचार

शिक्षकाला सुविचारांची सवय असते. फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक सुविचार लिहावा लागतो, आणि जून ते एप्रिल इतके सुविचार कोठून आणावयाचे म्हणून त्यांची पुस्तकेही बाजारात मिळतात. त्यामुळे वही हाती घेतली की पहिले काही दिवस सुविचारच उतरू लागतात : श्रमाचे मोल मोठे, निसर्ग हाच खरा गुरू, इत्यादी. त्याबद्दल वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. पंधरा दिवसांत तो साठा संपतो. त्यानंतर जे उतरते ते स्वतःचे असते.

स्वतःचा विचार बहुधा लहान असतो आणि पुष्कळदा तो प्रश्नाच्या रूपात येतो. हातपंपावर पाणी भरणाऱ्या मुली एका हाताने दांडा दाबताना दुसऱ्या हाताने परकर का सावरतात? फळ्याचा खालचा कोपरा नेहमी स्वच्छ का असतो? पहिलीतील मुलांचा हात तेवढाच पोचतो म्हणून ती तेथे चित्रे काढतात आणि शिक्षक येण्यापूर्वी पुसतात, हा शोध एखाद्या शिक्षिकेला लागला तर तिने मुलांसाठी भिंतीवर खालपर्यंत फळा रंगवून घ्यावा, इतका तो महत्त्वाचा आहे. पण तो लागण्यासाठी कोपऱ्याकडे पाहावे लागते.

लिहिताना आरंभ पाहिलेल्या वस्तूपासून करावा. मतापासून करू नये. वस्तूचे नाव लिहावे. “एक पक्षी तारेवर बसला होता” यापेक्षा “कोतवाल तारेवर बसला होता” हे अधिक आहे, आणि नाव ठाऊक नसेल तर “काळा, शेपटी दुभंगलेली, गावकरी याला काय म्हणतात ते विचारावयाचे” हेही चालेल. मोजता येण्याजोगे असेल ते मोजावे. तारीख न चुकता घालावी. तिथी किंवा मराठी महिना लिहिल्यास ऋतूचा बोध होतो. चार ओळी म्हणजे मोजून चारच असे नव्हे, परंतु पानभर लिहू लागले की मनुष्य आपोआप निबंधाच्या वळणावर जातो, आणि शिक्षक तर फारच लवकर.

रोज एक चित्र

छायाचित्रणाची डागेर यांची पद्धत १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली, आणि १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झालेली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेच्या जुन्या सभासदांपैकी एक. म्हणजे ही कला या प्रांताला नवी नाही. त्या वेळी तिला जड पेटी, काचेच्या तबकड्या आणि रसायने लागत. आज ती शिक्षकाच्या खिशात असते. परंतु गावातील शिक्षकाला अधिक उपयोगी पडेल अशी घटना त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने घडली.

त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके, यांनी छायाचित्रणाचे शिक्षण घेऊन तो व्यवसायही केला होता. १९१२ साली ते लंडनला जाऊन चित्रपटाचे तंत्र पाहून आले आणि तेथून कॅमेरा विकत घेतला. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला हे सर्वांना माहीत आहे. त्या दोहोंच्या मध्ये त्यांनी एक लहानसे काम केले, त्याकडे शिक्षकांचे लक्ष फारसे जात नाही. चित्रपटासाठी लागणारा पैसा उभा करावयाचा तर हे यंत्र काय करू शकते ते दाखविणे भाग होते. त्यांनी एक वाटाणा लावला, त्याच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एक-एक चित्र घेतले. ती चित्रे एकामागोमाग पडद्यावर दाखविली तेव्हा बीजातून अंकुर फुटून वेल वर चढताना दिसला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ही चित्रफीत ओळखली जाते. ती पाहून त्यांना कर्ज मिळाले. भारतातील पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाचे भांडवल अशा रीतीने एका वाटाण्याने उभे केले.

हे काम कोणत्याही शाळेत करता येण्यासारखे आहे, आणि तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासाला ते फार उपकारक ठरेल. वाटाणा मिळाला नाही तर वाल, मूग किंवा हरभरा चालेल. फुटका कप किंवा नारळाची करवंटी घ्यावी, तिला बुडाशी भोक पाडून ओली माती भरावी आणि बी पेराच्या अर्ध्याइतके खोल लावावे. करवंटी खिडकीजवळ अशा जागी ठेवावी की तेथून ती महिनाभर हलणार नाही. समोर दोन विटा ठेवून त्यांवर मोबाइल उभा करावा आणि विटांच्या भोवती खडूने रेघ मारून ठेवावी, म्हणजे झाडलोट करताना त्या सरकल्या तरी पुन्हा त्याच ठिकाणी ठेवता येतील. रोपामागे पुठ्ठ्यावर सेंटिमीटरच्या खुणा करून तो उभा करावा. चित्र रोज एकाच वेळी घ्यावे. परिपाठानंतर लगेच घेतल्यास विसर पडत नाही. चित्र घेण्याचे काम पाळीपाळीने मुलांकडे द्यावे आणि त्या दिवशीच्या चार ओळीही त्याच मुलाने लिहाव्यात.

सुट्टीचे दिवस येतात. रविवारी चित्र नसते. अशा वेळी सोमवारी दोन चित्रे काढून एकावर रविवारची तारीख घालण्याचा मोह होतो, कारण कोरा रकाना भरावयाचा अशी शाळेतील सर्वांनाच सवय झालेली असते. तो मोह टाळावा. “रविवार, शाळा बंद, चित्र नाही” असे लिहावे. एका वर्गात अशा नोंदीखाली एका मुलीने लिहिले होते, “शनवारी दोन बोटं होतं, आज चार बोटं हाय. सुट्टीत झाडं जास्त वाढत्यात.” शिक्षिकेने हे वाक्य चूक म्हणून खोडले नाही. तिने वर्गाला विचारले की, हे खरे की खोटे ते कसे ठरवावे. दोन दिवसांची वाढ दोनांनी भागावयाची ही कल्पना मुलांतूनच निघाली. भागाकाराची इतकी चांगली गरज पाठ्यपुस्तकात क्वचितच निर्माण होते.

रोपाचे काम महिन्याभराचे आहे. वर्षभराचे हवे असेल तर आवारातील एखादे झाड घ्यावे. कडुनिंबाची पानगळ, पालवी, मोहोर आणि निंबोळ्या ही सारी एकाच जागेवरून दर आठवड्यास एक याप्रमाणे टिपल्यास बावन्न चित्रे होतात. गावच्या विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या हे दर पौर्णिमेला टिपले तर गावाच्या पाण्याची हकीकत तयार होते, आणि ती ग्रामसभेतही कामास येऊ शकते. मात्र विहिरीवर जाताना मुलांना बरोबर नेऊ नये. श्रीमती दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ हे १९५६ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक ज्या शाळेच्या ग्रंथपेटीत असेल तेथील शिक्षकाने ते अवश्य वाचावे. बारा महिने एकाच निसर्गाकडे पाहात राहिल्यास किती दिसते याची त्यावरून कल्पना येईल. तसे लिहिता आले पाहिजे असे मुळीच नाही.

उपकरणाविषयी थोडेसे

याबाबत फार सांगण्याची आवश्यकता नाही. छायाचित्राला काही जण प्रकाशचित्र म्हणतात आणि अर्थाच्या दृष्टीने तोच शब्द अधिक नेमका आहे, कारण कॅमेऱ्यात जे उमटते तो प्रकाशच. म्हणून चित्र घेण्यापूर्वी प्रकाश कोठून येतो ते पाहावे. मुलाच्या पाठीमागे उघडे दार किंवा खिडकी असली तर चेहरा काळा पडतो. त्याला वळवून घ्यावे किंवा आपण बाजू बदलावी. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि मुले डोळे मिचकावतात, तेव्हा त्यांना व्हरांड्यात घ्यावे. तेथला प्रकाश मऊ असतो. मुलाचे चित्र घ्यावयाचे तर गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यावे. उभे राहून खाली बघत घेतलेल्या चित्रात मूल नेहमी ऐकून घेणारे दिसते. पडद्यावर बोटांनी चित्र मोठे करण्याऐवजी दोन पावले पुढे जावे. आणि भिंग पुसावे. शर्टाच्या खिशात खडूच्या भुकटीत वावरणाऱ्या मोबाइलची चित्रे धुरकट येतात, त्यात उपकरणाचा काही दोष नसतो. धुतलेल्या सुती कापडाचा एक तुकडा खिशात ठेवला की काम भागते.

चित्र कागदावर उतरविणे इष्ट. तालुक्याच्या गावी गेल्यावर महिन्यातून एकदा निवडक चार चित्रे छापून आणावीत, किंवा शाळेच्या प्रिंटरवर साध्या कागदावर काढावीत. तेही शक्य नसेल तेथे चित्र पाहून पेन्सिलीने रेखाटन करावे. चपलांचे रेखाटन करताना ज्या गोष्टी दिसतील त्या छायाचित्र नुसते पाहताना दिसल्या नसत्या. चित्रे कणकेच्या खळीने चिकटवू नयेत. झुरळे येतात आणि वर्षभरात कोपरे खाल्ले जातात. छापील चित्राच्या मागे तारीख व ठिकाण मऊ पेन्सिलीने लिहावे, बॉलपेनने लिहिल्यास पुढील बाजूस वळ उठतात.

जी चित्रे मोबाइलमध्येच राहतात त्यांच्याबाबत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. चित्र काढल्याची तारीख व वेळ त्या चित्राबरोबरच साठविलेली असते. तेच चित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविले की आकाराने लहान होते आणि ही मूळ नोंद गळून पडते. वर्षभराची चित्रे समूहावर आहेत म्हणजे ती सुरक्षित आहेत, असे समजून मूळ चित्रे पुसून टाकणाऱ्यांच्या हाती शेवटी तारखेविना अस्पष्ट चित्रे उरतात. दर सत्रअखेर मूळ चित्रे शाळेच्या संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत, आणि प्रत एकाहून अधिक ठिकाणी असावी.

मुलांचे चेहरे

पुरावा म्हणून चित्रे काढण्याची सवय लागल्याने मुलाचा चेहरा ही शाळेची मालमत्ता आहे, असा एक समज नकळत रुजला आहे. अनवाणी मूल, ताटातले शेवटचे शीत वेचणारे मूल, फाटक्या सदऱ्याचे मूल यांची चित्रे हृदयस्पर्शी म्हणून पाठविली जातात. ते मूल मोठे होईल आणि ते चित्र त्याच्या आधी गावात पोचलेले असेल, हा विचार पाठविणाऱ्याच्या मनात येत नाही. चपलांच्या उदाहरणात शिक्षकाने पायांचे चित्र घेतले नाही, चपलांचे घेतले. त्यामुळे पाचवा मुलगा कोण हे त्या चित्रावरून कोणालाही कळत नाही, आणि तरीही जे कळावयास हवे ते कळते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानलेले असून तिच्या माहितीच्या वापराला पालकांची पडताळणी करण्याजोगी संमती आवश्यक धरलेली आहे. व्यक्तीने घरगुती वा खाजगी कारणासाठी ठेवलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. परंतु वही खाजगी आहे तोवरच ही सवलत समजावी. एकदा ते पान समूहावर गेले की ते खाजगी राहिले नाही. कायद्याच्याही अगोदर साधा शिष्टाचार आहे : मुलाला विचारावे. पहिलीतील मूलसुद्धा “नको” म्हणू शकते, आणि त्या नकाराला शिक्षकाने मान दिला की पुढच्या वेळी ते स्वतःहून समोर येते. कॅमेऱ्यात स्थळाची नोंद चालू असेल तर मुलांची चित्रे घेताना ती बंद ठेवावी.

चित्रे आणि टिपणे कोणालाच दाखवू नयेत असा मात्र याचा अर्थ नव्हे. लिहिलेले कोणी वाचणार आहे म्हटल्यावर लिहिणारा अधिक जपून पाहतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, तेव्हा ते वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. त्याला छापखाना लागला नाही की वर्गणीदार लागले नाहीत. झाडाचे, ढगांचे, विहिरीचे पान वर्गाच्या भिंतीवर आठवडाभर लावता येईल. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोन शिक्षक आपापल्या वह्यांची अदलाबदल करू शकतील. दुसऱ्याच्या वहीत आपल्या शाळेसारखीच शाळा निराळी दिसते. मुलांविषयीची पाने मात्र वेगळ्या वहीत, कुलपात असावीत.

बदलीच्या वेळी

बदली झाली म्हणजे या वहीचे काय करावे, हा प्रश्न उरतो. वही शिक्षकाची आहे, ती त्याने न्यावी. झाड, विहीर, इमारत यांच्या पानांची प्रत शाळेत ठेवावी, कारण त्या गोष्टी बदलीने जात नाहीत. मुलांच्या पानांतून जे पुढील शिक्षकाला अध्यापनासाठी उपयोगी पडेल तेवढे उतरवून मुख्याध्यापकांकडे द्यावे; बाकीचे आपल्याजवळ ठेवावे.

ज्या गावांतून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडणीला जातात, अशा एका गावच्या शाळेतील ही हकीकत आहे. चौथीच्या वर्गाचे एक चित्र कसल्याशा अहवालासाठी काढले होते. उजव्या टोकाला एक मुलगी अर्धीच आली होती. अहवालात ते खपून गेले. शिक्षकाने तेच चित्र आपल्या वहीत घेतले आणि बाजूला तिचे नाव लिहून खाली नोंद केली : “उद्या कारखान्याला जाणार. चौदापर्यंत पाढे येतात. म्हणाली, पुढलं तिकडं पाठ करीन.” हजेरीपटावर त्यानंतर पाच महिने तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण आहे. मे महिन्यात शिक्षकाची बदली झाली. जाताना त्याने त्या एका पानावरील मजकूर कागदावर उतरवून मुख्याध्यापिकेकडे दिला.

जूनमध्ये ती मुलगी परत आली. नव्या शिक्षिकेपुढे गैरहजेरीच्या खुणा होत्या आणि तो कागद होता. सामान्यतः अशा मुलांना मागे नेऊन दोनच्या पाढ्यापासून आरंभ केला जातो. शिक्षिकेने तिला जवळ बोलावून पंधराचा म्हणावयास सांगितले. तिने तो म्हटला. सोळाच्या पाढ्यात ती सोळा चोक चौसष्टवर अडली. शिक्षिकेने कागदाच्या खाली तारीख घातली आणि तेवढे लिहून ठेवले.